मोजमाप दगडाचे की माणसाच्या श्वासाचे?

कारखान्याच्या धुराड्यातून किती विषारी वायू बाहेर सोडण्याची मुभा असावी, हे कशावरून ठरवावे? धुराड्याच्या छायेत राहणाऱ्या माणसाच्या छातीला किती सोसवेल यावरून ठरवावे, असेच कोणीही शहाणा माणूस सांगेल. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १० मे २०१६ रोजी सिमेंट उद्योगासाठी जी अधिसूचना काढली, तिने मात्र या प्रश्नाचे निराळेच उत्तर दिले. या अधिसूचनेनुसार चुनखडीतील पायराइटरूपी गंधकाचे प्रमाण पाव टक्क्याहून कमी असेल, तर धुराड्यातील दर घनमीटर वायूत सल्फर डायऑक्साइड १०० मिलिग्रॅमपर्यंत चालेल. ते पाव ते अर्धा टक्का असेल, तर ७०० मिलिग्रॅमपर्यंत चालेल. आणि अर्ध्या टक्क्याहून अधिक असेल, तर १००० मिलिग्रॅमपर्यंत चालेल. म्हणजे खाणीतला दगड जितका गंधकयुक्त, तितकी हवा बिघडवण्याची सवलत मोठी. ज्या गावाच्या वाट्याला वाईट दगड आला, त्या गावच्या माणसांनी दहापट वाईट हवा मुकाट्याने घ्यावी, असा या नियमाचा सरळ अर्थ आहे.

याआधीचे सिमेंटविषयक नियम प्रामुख्याने धुळीपुरते होते. २५ ऑगस्ट २०१४ च्या अधिसूचनेने गंधकाच्या वायूसाठी १०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि पाऊल योग्य दिशेने पडले, असे वाटू लागले. पुरती दोन वर्षेही लोटली नाहीत तोच त्या मर्यादेला वरील पायऱ्या पाडण्यात आल्या. धुळीने माखलेली पिके, पांढरी पडलेली छपरे आणि झाडांची राखाडी पाने लोकांच्या डोळ्यांना दिसतात, म्हणून धुळीबद्दल ओरड होते. गंधकाचा वायू डोळ्यांना दिसत नाही. तो घशाला आणि छातीला कळतो, आणि त्याची तक्रार बहुधा दवाखान्यातील खोकल्याच्या औषधापाशी संपते. जे दिसत नाही त्याच्यावरची मर्यादा सैल करणे राज्यकर्त्यांना नेहमीच सोपे जाते.

मर्यादेतील हा फरक केवळ कागदी नाही. एक टन क्लिंकर भाजताना ढोबळमानाने दोन हजार घनमीटर वायू धुराड्यातून जातो. वर्षाला दहा लाख टन क्लिंकर काढणारी एक मध्यम भट्टी घेतली, तर १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेने तिच्या धुराड्यातून वर्षाकाठी सुमारे २०० टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडू शकतो आणि १००० मिलिग्रॅमच्या मर्यादेने सुमारे २००० टन. एकाच आकाराच्या दोन भट्ट्या, एकाच कायद्याखालच्या, आणि दोहोंमध्ये दरवर्षी १८०० टन विषारी वायूचा फरक. हा फरक कोणाच्या तरी श्वासातून, कोणाच्या तरी शेतावरून आणि कोणाच्या तरी विहिरीवरून जात असतो.

या प्रश्नावर कार्यकर्त्याने बोलायचे तर भट्टीत काय घडते, हे त्याला थोडे तरी ठाऊक हवे. अन्यथा सुनावणीत कारखान्याचा अभियंता चार इंग्रजी शब्द फेकून त्याला गप्प बसवील. सिमेंटच्या भट्टीत गंधक दोन वाटांनी येते. पहिली वाट इंधनाची, म्हणजे कोळशाची किंवा तेलशुद्धीकरणातून उरणाऱ्या पेटकोकची. दुसरी वाट दगडाची, म्हणजे चुनखडीत असलेल्या पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाची. इंधनातील गंधक भट्टीच्या अत्यंत तप्त भागात जळते. तेथे कळीचा चुना विपुल असतो आणि पोटॅशियम-सोडियमचे क्षारही असतात. ते बहुतेक गंधक पकडून ठेवतात आणि ते क्लिंकरबरोबर बाहेर जाते. या अर्थाने सिमेंटची भट्टी ही स्वतःच एक मोठी शोषणयंत्रणा आहे, हे उद्योजकांचे म्हणणे खोटे नाही. वीजघराच्या बॉयलरमध्ये चुना नसतो, म्हणून तेथे कोळशातील बहुतेक गंधक धुराड्यावाटे जाते. सिमेंटचे तसे नाही.

पण ही झाली अर्धीच हकीकत. दगडातील पायराइट भट्टीच्या तप्त भागापर्यंत पोचतच नाही. कच्चा माल प्रीहीटरच्या मनोऱ्यातून खाली उतरत असताना वरच्या टप्प्यांतच, साधारणपणे ३०० ते ६०० अंश सेल्सियसच्या दरम्यान, पायराइट जळून त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. तेथे चुनखडी अद्याप चुनखडीच असते. तिचा तत्पर शोषून घेणारा चुना झालेला नसतो. त्यामुळे या वायूचा मोठा हिस्सा पकडला न जाता वर निघून जातो. तात्पर्य, सिमेंट कारखान्याच्या गंधकाचा प्रश्न हा मुख्यतः इंधनाचा नसून खाणीचा आहे. मंत्रालयालाही हे माहीत आहे, म्हणूनच तर मर्यादा खाणीवरून ठरवली गेली. रोगाचे निदान अचूक आणि औषध मात्र उलटे, असा हा प्रकार आहे. ज्या खाणीत गंधक अधिक, तेथे बंदोबस्त अधिक हवा होता. तेथे सूट अधिक देण्यात आली.

सवलतीच्या बाजूने जे सांगितले जाते तेही नीट ऐकून घेतले पाहिजे. चुनखडीचा साठा निसर्गाने जेथे दिला तेथेच कारखाना उभा राहतो. उद्योजक दगड बदलू शकत नाही. सगळ्यांना एकच मर्यादा लावली तर गंधकयुक्त चुनखडीचे पट्टे पडून राहतील, कारखाने बंद पडतील आणि कामगार रस्त्यावर येतील. पहिल्या दोन विधानांत तथ्य आहे. तिसरे मात्र त्यांच्यातून निघत नाही. दगड बदलता येत नसला तरी धुराड्याकडे जाणारा वायू धुता येतो, आणि तो धुण्याचे साहित्य सिमेंट कारखान्याइतके मुबलक दुसऱ्या कोणत्याही कारखान्यात नसते.

गंधकाच्या वायूचा सर्वांत जुना आणि स्वस्त शत्रू म्हणजे चुना. विरलेल्या चुन्याची भुकटी प्रीहीटरच्या वरच्या टप्प्यांत किंवा त्यापुढच्या वायुमार्गात सोडली, तर वायूतील गंधकाचा बराच भाग ती पकडते. जेथे वायूचे प्रमाण मध्यम आहे तेथे एवढ्याने काम भागू शकते. जेथे ते फार आहे तेथे ओले स्क्रबर, म्हणजे चुनखडीच्या पातळ राबडीने वायू धुणारे मनोरे, बसवावे लागतात, आणि ते दहातील नऊ भाग किंवा त्याहूनही अधिक गंधक काढू शकतात. इंग्लंडमधील रिबल्सडेल आणि स्वीडनच्या गोटलँड बेटावरील स्लिते येथील सिमेंट कारखान्यांत असे मनोरे गेल्या शतकाच्या अखेरीस उभे राहिले. युरोपीय संघाने २०१३ साली सिमेंट भट्ट्यांसाठी उपलब्ध उत्तम तंत्रज्ञानाची जी पातळी ठरवली, ती दिवसाच्या सरासरीने घनमीटरला ५० ते ४०० मिलिग्रॅम आहे. चीनने त्याच वर्षी सर्वसाधारण मर्यादा २०० आणि निवडक प्रदेशांसाठी १०० केली. गंधकयुक्त दगड तिकडेही आहेत. पण दगड वाईट म्हणून १००० मिलिग्रॅमचा परवाना द्यावा, असे तेथील शासनांना वाटले नाही.

ओल्या स्क्रबरमधून निघणारा पदार्थ म्हणजे जिप्सम. आणि क्लिंकर दळताना सिमेंट लगेच घट्ट होऊ नये म्हणून त्यात जे मिसळावे लागते, तेही जिप्समच. भारतात खनिज जिप्सम जवळजवळ सर्वस्वी राजस्थानात निघते. ते पुरत नाही म्हणून परदेशांतून आयात होते. वर घेतलेल्या भट्टीचे उदाहरण पुढे नेले, तर १८०० टन सल्फर डायऑक्साइड पकडण्यास रासायनिक प्रमाणाने सुमारे २८०० टन चुनखडी लागेल आणि त्यातून सुमारे ४८०० टन जिप्सम मिळेल. दहा लाख टन क्लिंकर दळणाऱ्या कारखान्याला वर्षाला साधारण चाळीस-पन्नास हजार टन जिप्सम लागते. म्हणजे गरजेचा जवळजवळ दहावा हिस्सा त्याच्या स्वतःच्या धुरातूनच निघेल. आज हाच कारखाना गंधक फुकट हवेत सोडतो आणि गंधकाचाच दगड पैसे मोजून बाहेरून आणतो. हवेत सोडण्याची किंमत कारखान्याच्या खतावणीत कोठेच लिहिली जात नाही, म्हणून हा व्यवहार त्याला परवडतो. ती किंमत गावाच्या खात्यावर पडते.

स्क्रबरला पाणी लागते, वीज लागते आणि भांडवल लागते, हे खरेच आहे. विदर्भासारख्या प्रदेशात पाण्याचा प्रश्न तर हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. म्हणूनच सर्वत्र एकच यंत्र बसवा असा आग्रह धरणे शहाणपणाचे होणार नाही. कोठे कोरडा चुना पुरेल, कोठे कमी गंधकाचा आणि अधिक गंधकाचा दगड मिसळून चालेल, कोठे ओला मनोराच लागेल, हे प्रत्येक खाणीच्या परीक्षणावरून ठरले पाहिजे. तंत्र कोणते वापरावे याची मोकळीक कारखान्याला अवश्य असावी. हवा किती बिघडवावी याची मोकळीक असता कामा नये.

इंधनाच्या बाबतीतही दक्षता सैल करून चालणार नाही. पेटकोकमध्ये सामान्य भारतीय कोळशाच्या कितीतरी पट गंधक असते. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थान या राज्यांत पेटकोक आणि फर्नेस ऑइलच्या वापरावर बंदी घालण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी डिसेंबरात सिमेंट उद्योगाला पेटकोकपुरती मोकळीक मिळाली, आणि तिचा आधार हाच होता की सिमेंटच्या भट्टीत गंधक शोषले जाते. पुढे २०१८ साली पेटकोकच्या आयातीवर बंधने आली, तेव्हाही सिमेंट उद्योग सवलतीच्या यादीत राहिला. हा युक्तिवाद शास्त्राला धरून आहे, परंतु त्याला अटी आहेत. भट्टीत प्राणवायू पुरेसा असला पाहिजे, ज्वाला स्थिर असली पाहिजे, क्षार आणि गंधक यांचा तोल राखला गेला पाहिजे. उत्पादन वाढवण्याच्या घाईत भट्टी बेताल चालवली की पकडलेले गंधकही सुटते. शिवाय अनेक सिमेंट कारखान्यांच्या आवारात स्वतःच्या वापराचे कोळशाचे वीजघर असते. त्याच्या बॉयलरमध्ये आपोआप गंधक गिळणारा चुना नसतो. भट्टीच्या पुण्याईवर शेजारच्या वीजघराचे पाप झाकले जाऊ नये, एवढी जागरूकता तपासणाऱ्याने ठेवली पाहिजे.

आणखी एक गोष्ट कारखान्यातील प्रत्येक कामगाराला ठाऊक असते आणि बाहेरच्या फार थोड्यांना. भट्टीतून निघणारा गरम वायू बहुधा कच्चा माल दळणाऱ्या चक्कीतून फिरवला जातो. तेथे बारीक, ओलसर चुनखडीशी गाठ पडून त्यातील काही गंधक शोषले जाते. पण दुरुस्तीसाठी चक्की बंद ठेवली जाते तेव्हाही भट्टी चालूच असते, कारण भट्टी विझवणे आणि पेटवणे खर्चाचे काम आहे. त्या तासांत वायू चक्कीला वळसा घालून जातो आणि धुराड्यातील गंधक वाढते. सगळे दिवस मिसळून काढलेल्या सरासरीत हे तास बुडून जातात. दम्याच्या रोग्याची छाती मात्र सरासरीवर चालत नाही. सल्फर डायऑक्साइडचा वाईट झोत काही मिनिटांतच श्वासनलिका आवळतो, म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेने या वायूसाठी दहा मिनिटांचे वेगळे प्रमाण ठेवले आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये सिमेंटसह सतरा प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना धुराड्यावर अखंड मोजणारी यंत्रे बसवण्याचा आदेश दिला. यंत्रांचे आकडे मंडळांच्या संगणकाकडे जातात. पण धुराड्याखालच्या गावातील शाळामास्तरला, सरपंचाला वा आशा कार्यकर्तीला ते आकडे त्याच दिवशी, मराठीत, समजतील अशा रीतीने गावात मिळतात काय, हा खरा प्रश्न आहे. चक्की किती तास बंद होती आणि त्या तासांत धुराड्यात काय होते, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले तर शंभर अहवालांतून न कळणारी गोष्ट कळेल.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या परिसरात चुनखडीच्या पट्ट्यावर सिमेंटचे मोठे कारखाने उभे आहेत. घुग्घूसला कोळशाच्या खाणी आणि सिमेंट शेजारी शेजारी आहेत. चंद्रपूर शहराला लागून राज्यातील एक मोठे औष्णिक वीजकेंद्र आहे. केंद्रीय मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ८३.८८ गुणांनी चंद्रपूर देशात चौथे आले. त्याच्या पुढे फक्त अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद होते. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातही चंद्रपूरचे नाव आहे. पण त्या कार्यक्रमाचे यश हवेतील धूलिकणांवरून मोजले जाते, गंधकाच्या वायूवरून नाही. चंद्रपूरच्या परिसरातील माणूस गंधक सिमेंटचे की विजेचे, अशी निवड करून श्वास घेत नाही. दोन्ही एकाच छातीत जातात. मर्यादा मात्र प्रत्येक धुराड्याची सुटी ठरते, आणि सगळ्यांची बेरीज करण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

हवेतील सल्फर डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी ठरलेल्या प्रमाणाच्या आतच आहे, मग एवढा गदारोळ कशाला, असेही विचारले जाते. भारताचे हे प्रमाण २००९ सालचे असून ते चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलेले प्रमाण त्याच्या निम्मे, म्हणजे ४० आहे. शिवाय हा वायू वायूच्याच रूपात राहत नाही. हवेत त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात. हे कण शेकडो किलोमीटर प्रवास करतात आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. मोजणीत ते गंधक म्हणून दिसत नाहीत, धूलिकण म्हणून दिसतात. म्हणजे एका रकान्यातून सुटलेला आरोपी दुसऱ्या रकान्यात नाव बदलून वावरतो, आणि पहिला रकाना पाहणारा अधिकारी सर्व आलबेल असल्याचा शेरा मारतो.

धुराडे उंच केले की प्रश्न सुटतो, ही समजूतही जुनीच आहे. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर धुराचे सावट पडले आणि काही हजार माणसे दगावली. त्यातून १९५६ चा शुद्ध हवेचा कायदा झाला आणि उंच धुराड्यांचे युग आले. लंडनचे आकाश निवळले. पण पश्चिम युरोपातील गंधक वाऱ्यावर स्वार होऊन स्कँडिनेव्हियात उतरले आणि तेथील तळ्यांतले मासे मेले. १९७२ ची स्टॉकहोम परिषद भरवण्यात स्वीडनने पुढाकार घेतला, त्यामागे हाही अनुभव होता. उंच धुराडे विष कमी करीत नाही. ते दूरवर वाटून टाकते.

हा धडा गिरवण्याऐवजी शासनाचा प्रवास उलट दिशेने चालू आहे. औष्णिक वीजकेंद्रांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये गंधकाची मर्यादा ठरली आणि दोन वर्षांत ती पाळली जाईल असे सांगण्यात आले. मग मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. शेवटी ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील जवळजवळ चार-पंचमांश संचांना गंधक काढणाऱ्या यंत्रणेच्या सक्तीतून मोकळे केले आणि अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय प्रकरणागणिक घेण्याचे ठरवले. सिमेंटच्या सवलतीमागचे आणि विजेच्या सवलतीमागचे तत्त्व एकच आहे : आधी मर्यादा जाहीर करायची, मग ती न पाळणाऱ्याच्या सोयीने ती वाकवायची. मधल्या काळात कायद्याचे दातही बोथट झाले. हवा प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९८१ चा, आणि भोपाळच्या वायुकांडानंतर आलेला पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. या दोन्ही कायद्यांतील तुरुंगवासाच्या तरतुदींची जागा २०२३ च्या जनविश्वास कायद्याने मुख्यतः दहा हजार ते पंधरा लाख रुपयांच्या दंडाने घेतली. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या उद्योगाला असा दंड म्हणजे धंद्याचा एक किरकोळ खर्च होय.

सिमेंट आणि सत्ता यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. नियंत्रणाच्या काळात प्रत्येक पोत्याचा हिशेब सरकारदरबारी असे. त्या नियंत्रणाचा गैरवापर कसा होतो, हेही याच राज्याने पाहिले. सिमेंटचे वाटप आणि देणग्या यांच्या संबंधाबाबत उच्च न्यायालयाने निर्णय दिल्यावर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झाले आणि मार्च १९८९ मध्ये पूर्णतः. १९८०-८१ साली देशात दोन कोटी टनांहूनही कमी सिमेंट होत असे, आज ते वर्षाला ४५ कोटी टनांच्या आसपास आहे. घरे, धरणे, रस्ते यांना सिमेंट लागते आणि ते मुबलक व्हावे याविषयी दुमत नाही. परंतु पोत्यावरचे नियंत्रण उठले म्हणून धुराड्यावरचेही उठले पाहिजे, असा अर्थ कोणी काढू नये. पोत्याची किंमत गिऱ्हाईक आपखुशीने देतो. धुराड्याची किंमत ज्याला द्यावी लागते, त्याला कोणी विचारलेलेही नसते.

रोजगाराचा धाक घालून या चर्चेचे तोंड बंद करण्याचा प्रयत्न होईल आणि त्यासाठी कार्यकर्त्यांनी तयार असले पाहिजे. कारखान्याच्या वसाहतीतले कामगार, कंत्राटी मजूर आणि त्यांची मुले तीच हवा घेतात. प्रीहीटरच्या मनोऱ्यावर चढून साचलेला माल मोकळा करणारा मजूर तर सर्वांत आधी. धूर धुणारी यंत्रणा बसवण्यास, चालवण्यास आणि दुरुस्त ठेवण्यास माणसेच लागतात. कामगार आणि गावकरी यांना एकमेकांसमोर उभे करणे हे मालकांच्या सोयीचे राजकारण आहे. कामगार संघटनेने आपल्या मागणीपत्रात वेतन, बोनस आणि कायम नोकरी यांच्याबरोबरच धुराड्याच्या मोजणीचे कलम घातले, तर हे राजकारण तेथल्या तेथे मोडून पडेल.

मागण्या मोजक्या आणि नेमक्या हव्यात. प्रत्येक चुनखडीच्या खाणीतील पायराइट गंधकाचे परीक्षण स्वतंत्र प्रयोगशाळेकडून व्हावे आणि त्याचे निष्कर्ष ग्रामपंचायतीत लावावेत. कारण ज्या आकड्यावर सातशे वा हजारची सवलत मिळते, तो आकडा गुप्त राहता कामा नये. धुराड्यावरील यंत्राचे तासातासाचे आकडे, चक्की बंद असल्याच्या नोंदीसह, मराठीत जाहीर फलकावर यावेत. सातशे आणि हजारच्या पायऱ्यांना ठरावीक मुदत घालून त्या क्रमाने खाली आणाव्यात आणि नव्या भट्टीला त्या पायऱ्या मुळीच लागू करू नयेत. एका परिसरातील सर्व धुराड्यांच्या गंधकाची बेरीज करून तिच्यावर एकत्रित मर्यादा घालावी.

यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधील तिसऱ्या नियमाने राज्य मंडळांना केंद्राहून कडक मर्यादा घालण्याचा अधिकार दिलेला आहे. तो अधिकार मुंबईतच आहे. तो वापरला जात नसेल, तर का वापरला जात नाही, हा प्रश्न विधिमंडळात विचारता येतो. खाण वा कारखाना वाढवायचा असेल तेव्हा २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सामान्यतः जनसुनावणी घ्यावी लागते. त्या सुनावणीत दगडातील गंधकाचा आकडा मागता येतो आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात प्रदूषणमुक्त हवा आणि पाणी हा घटनेच्या २१ व्या कलमाखालील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. या हक्काचे प्रमाण खाणीच्या दर्जाप्रमाणे कमी-अधिक होते, असे न्यायालयाने कोठेही म्हटलेले नाही.

पुढच्या जनसुनावणीला जाताना कार्यकर्त्यांनी घोषणांच्या फलकांबरोबर एक वही न्यावी. तिच्यात चार प्रश्न लिहावेत : दगडात गंधक किती, धुराड्यात वायू किती, चक्की बंद असताना किती, आणि तो कमी करण्यास चुना का वापरला जात नाही. उत्तरे मिळाली तर ती गावोगाव वाचून दाखवावीत. मिळाली नाहीत तर उत्तर नाकारणाऱ्याचा हुद्दा आणि तारीख त्याच वहीत लिहून ठेवावी. चुन्याच्या डोंगरावर बसलेल्या उद्योगाने गंधक धुण्यास चुना परवडत नाही असे सांगावे आणि शासनाने ते मान्य करावे, ही गोष्ट लोकांच्या डोळ्यांसमोर एकदा नीट मांडली गेली, तर ती फार काळ टिकणार नाही.